वारा, ऊन आणि दिल्लीचा दिवा

दिल्लीत नोकरीच्या निमित्ताने येऊन राहिलेल्या मराठी मंडळींत उन्हाळ्याचा विषय निघाला की दोन गोष्टींची गाऱ्हाणी हटकून ऐकू येतात: एक ऊन आणि दुसरी लू. नागपूर-अकोल्याकडच्या माणसास दोन्ही ओळखीची असतात व तो या तक्रारींकडे काहीशा तुच्छतेने पाहतो. परंतु पुण्याहून किंवा कोकणातून आलेल्यास ज्येष्ठातल्या भर दुपारी भट्टीचे दार उघडावे तसा अंगावर येणारा हा वारा पहिल्या वर्षी तरी असह्य होतो. ज्यांचा आपण एवढा धसका घेतो त्या ऊन व वारा या दोहोंचा देशाची संपत्ती म्हणून विचार करण्यासाठी निरनिराळ्या देशांतील विद्वान एकदा याच शहरात जमले होते, ही हकीकत मात्र आमच्या ओळखीतल्या फार थोड्यांस ठाऊक आहे. ती हकीकत आणि तिच्यानंतरच्या सत्तर वर्षांत काय घडले ते येथे सांगावयाचे आहे.

युनेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९५१ च्या सुमारास जगातील शुष्क प्रदेशांच्या अभ्यासाचे एक मोठे काम हाती घेतले होते. त्याचाच एक भाग म्हणून भारत सरकारच्या सहकार्याने ऑक्टोबर १९५४ मध्ये नवी दिल्ली येथे एक परिसंवाद भरला. विषय होता पवनशक्ती आणि सौर ऊर्जा. त्यातील निबंध व चर्चा १९५६ साली पॅरिसहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकाच्या नावातील ‘आणि’ हे अव्यय आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. तोपर्यंत पवनचक्कीवाल्यांचे विश्व निराळे व सूर्याच्या मागे लागलेल्यांचे निराळे. पहिले बहुतेक अभियंते, पात्यांचे वळण व खांबाची उंची यांत गढलेले. दुसरे पदार्थविज्ञानाचे पंडित, आरसे व काचा यांत रमलेले. दोघांस एका छपराखाली बसवून, तुम्ही एकमेकांची उणीव भरून काढाल काय, असे विचारण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होता आणि तो दिल्लीत झाला.

ते वर्षही मोठे चमत्कारिक होते. एप्रिल १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट जगापुढे ठेवला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी शेकडा सहा भागांची तो वीज करीत असे. जुलैमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते नांगल येथे भाक्रा कालव्यांचे उद्घाटन झाले. आणि ऑक्टोबरात हा परिसंवाद. सहा महिन्यांच्या आत तीन घटना घडल्या. त्यांपैकी मधली तेवढी सर्वांच्या स्मरणात राहिली. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे उद्घाटन होऊन तेव्हा जेमतेम पावणेपाच वर्षे झाली होती. डॉ. के. एस. कृष्णन् तिचे संचालक होते, आणि तेथे तयार झालेल्या सूर्यचुलीचा त्या काळी बराच बोलबाला झाला होता. चूल उत्तम चाले. पण ती चालणार अंगणात, रणरणत्या उन्हात, भर दुपारी. आणि आपल्याकडे स्वयंपाक होतो सकाळी व दिवेलागणीला. ज्या गृहिणीसाठी ती केली तिला कोणी विचारले होते की नाही, अशी शंका आम्हांस नेहमी येते. बाजारात ती चालली नाही.

परिसंवादापुढचा प्रश्न साध्या शब्दांत असा होता: ज्या गावापर्यंत विजेची तार नजीकच्या काळात पोहोचणार नाही त्या गावाने काय करावे? राजस्थानातील, इराणातील, उत्तर आफ्रिकेतील असंख्य वस्त्या अशा होत्या. तेथे कोळसा नाही, लाकूड नाही, नदी नाही. ऊन मात्र अमाप, आणि कित्येक ठिकाणी वाराही. वारा लहरी, सूर्य नेमस्त. पण सूर्य रात्री नसतो, वारा कधी कधी रात्रीही असतो. दोघांस एकत्र जुंपले, जोडीला विद्युत्घटमाला किंवा तेलाचे छोटे इंजिन ठेवले, तर विहिरीचे पाणी आणि शाळेतला दिवा एवढी सोय होईल, असा हा विचार. ब्रिटनमधील ई. डब्ल्यू. गोल्डिंग या अभियंत्याचा या विचारात मोठा वाटा होता. पवनविजेवरील त्याचा ग्रंथ १९५५ साली निघाला. त्याने दोन वाटा स्पष्ट वेगळ्या मानल्या होत्या. एक, आडगावातील स्वतंत्र लहान यंत्राची. तेथे साठवणुकीवाचून गत्यंतर नाही. दुसरी, मोठे यंत्र थेट वीजजाळ्यास जोडण्याची. तेथे वारा सुटला की तेवढा कोळसा वाचतो आणि पडला की कोळशाची यंत्रे भार उचलतात.

या दुसऱ्या वाटेचा अनुभव जगाला तेव्हा थोडाच होता. अमेरिकेत व्हरमाँट संस्थानातील एका टेकडीवर सव्वा हजार किलोवॉटचे प्रचंड पवनयंत्र ऑक्टोबर १९४१ मध्ये तेथील वीजजाळ्यास जोडले गेले होते. महायुद्धामुळे सुटे भाग मिळेनात; मार्च १९४५ मध्ये त्याचे एक पाते निखळून दूर जाऊन पडले आणि तो प्रयोग तेथेच संपला. त्याहून जुना व आम्हांस अधिक आवडणारा प्रयोग डेन्मार्कमधला. आस्कोव्ह येथील लोकविद्यापीठातले शिक्षक पाऊल ला कूर यांनी १८९१ पासून पवनचक्कीच्या विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन साठविला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. साठवणीचा प्रश्न सुटल्याखेरीज वाऱ्याची वीज कामाची नाही, हे त्या मास्तरांनी ओळखले होते.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे, कारण ते आपल्या मुंबईचे आहे व त्याचा नायक आमच्याच जातीचा, म्हणजे दप्तरी आहे. विल्यम ॲडम्स हा मुंबईस डेप्युटी रजिस्ट्रारच्या हुद्द्यावर असलेला इंग्रज. कचेरीचे काम सांभाळून त्याने मधल्या कुलाब्यात सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी केली, त्यांचे ऊन एका बाष्पकावर पाडले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून दाखविले. सूर्य सरकेल तसे आरसे माणसाने सरकवावयाचे. १८७८ साली मुंबईतच छापलेल्या पुस्तकात त्याने ही सर्व हकीकत दिली आहे. उष्ण देशांत इंधनाच्या जागी सूर्याची उष्णता वापरता येईल, हे त्याच्या पुस्तकाचे प्रतिपादन. इंग्लंडातून आगबोटीने येणारा कोळसा मुंबईच्या गिरण्यांस महाग पडे, ही त्यामागची व्यावहारिक प्रेरणा होती. फायलींच्या ढिगातून डोके वर काढून माणूस काय करू शकतो याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस आढळले नाही. असो.

दिल्लीच्या परिसंवादात विचाराची उणीव नव्हती. उणीव होती मोजमापाची. कोणत्या गावी वर्षात किती ऊन पडते, कोणत्या महिन्यात किती वेगाने वारा वाहतो, याची टिपणे असल्याखेरीज दोघांची जोडी जमविणे म्हणजे पत्रिका न पाहता लग्न ठरविण्यासारखे. ही पत्रिका तयार झाली ती मुख्यत्वे पुण्यात. शिवाजीनगरच्या ‘शिमला ऑफिस’चे नाव पुणेकरांच्या तोंडी आजही आहे, परगावचा माणूस मात्र पुण्यात शिमला कसा, म्हणून गोंधळतो. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले व इमारतीस ते नाव चिकटले. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीस हलले, नाव पुण्यातच राहिले. बदलीचा हुकूम माणसास जसा हलवितो तसा कचेरीसही हलवितो. पुण्याच्या त्या कचेरीत १९४८ पासून ॲना मणी या विदुषी काम करीत होत्या. जन्म केरळातील, शिक्षण मद्रासचे, संशोधन बंगलोरला सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली. कर्मभूमी मात्र बराच काळ पुणे. परदेशातून येणारी हवामानाची उपकरणे त्यांनी आपल्या कारखान्यात बनवून घेण्यास आरंभ केला. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने सूर्याच्या प्रारणाची मोजणी करणारी केंद्रे त्यांच्या देखरेखीखाली देशभर उभी राहिली. पुढे १९६९ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून दिल्लीस आल्या, १९७६ मध्ये निवृत्त झाल्या आणि निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या कामाचा कळस चढविला: १९८० व १९८१ मध्ये भारतातील सौर प्रारणाविषयीचे दोन ग्रंथ, आणि १९८३ मध्ये डी. ए. मूळे यांच्यासमवेत भारतातील वाऱ्याच्या माहितीचा ग्रंथ. ऊन आणि वारा ही दोन्ही खाती एकाच बाईंनी पुरी केली. देशातील पवनचक्क्यांच्या व सौर प्रकल्पांच्या कित्येक जागा या कोष्टकांच्या आधारे निवडल्या गेल्या. कोष्टकांच्या पुस्तकांस कोणी पारितोषिके देत नाही. आमच्या मते द्यावयास हरकत नाही.

मधल्या वीस वर्षांत मात्र ऊन-वाऱ्याचा विषय मागे पडला होता. १९५५ पासून नांगल कालव्यावरील वीजगृहे चालू झाली, १९६३ मध्ये भाक्रा धरण राष्ट्रास अर्पण झाले, यमुनेकाठी इंद्रप्रस्थाचे व १९७३ पासून बदरपूरचे कोळशाचे केंद्र धूर सोडू लागले. पंजाबातील पाणी आणि बिहारमधील कोळसा यांच्या बळावर तार गावोगाव जाऊ लागली, तेव्हा आडगावाने स्वतःची पवनचक्की उभारावी हा उपदेश कोणास गोड वाटणार? याबद्दल त्या काळच्या नियोजनकारांस दोष देणे सोपे आहे, पण आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. विहिरीवर पंप बसला तो या तारेमुळे. गावाने स्वतःपुरती वीज करावी ही कल्पना सुंदर असेल. परंतु घटमाला बिघडली की ती दुरुस्त करणारा माणूस गावात नव्हता, आणि तारेच्या टोकाला निदान एक लाइनमन तरी होता.

मग १९७३ चा तेलाचा भडका उडाला आणि सर्वांस सूर्याची आठवण झाली. १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी एक आयोग नेमला गेला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा स्वतंत्र विभाग झाला, १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले आणि २००६ मध्ये त्यास ‘नवीन व नवीकरणीय’ हे आजचे नाव मिळाले. लोदी रोडवरील सी. जी. ओ. कॉम्प्लेक्समध्ये या मंत्रालयाचे बस्तान अनेक वर्षे होते. आपल्यापैकी पुष्कळांनी तेथील जिने चढले असतील. याच १९८२ साली दिल्लीच्या सीमेबाहेर, गुडगाव-फरीदाबाद रस्त्यावरील ग्वाल पहाडी येथे सौर ऊर्जा केंद्र स्थापन झाले. अरवलीच्या खडकाळ, काटेरी झुडपांच्या त्या माळावर घटांची व आरशांची परीक्षा होऊ लागली, मुंबईच्या आय. आय. टी.ने तेथे उभारलेले एक मेगावॉटचे औष्णिक सौर केंद्र म्हणजे कुलाब्याच्या ॲडम्सचे पणतू म्हणावयास हरकत नाही. आज तेथे राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था आहे, आणि तिच्याच आवारात आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे कार्यालय आहे; त्याची कोनशिला जानेवारी २०१६ मध्ये बसविली गेली.

वाऱ्याचा संसार मात्र दिल्लीजवळ थाटणे शक्य नव्हते. १९८६ मध्ये पवनयंत्रे वीजजाळ्यास जोडण्याचे पहिले सरकारी प्रयोग समुद्रकाठी झाले: गुजरातेत, तामिळनाडूत, ओरिसात आणि आपल्या रत्नागिरीस. शतकाच्या अखेरीस सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर यंत्रांच्या रांगा उभ्या राहिल्या. सुटीत गावी जाताना ठोसेघरच्या बाजूने ज्यांनी त्या पाहिल्या असतील त्यांस आठवेल की भर आषाढात, ढग पठारावर टेकलेले असताना, पाती धुक्यात दिसेनाशी होतात आणि त्यांचा घरघराट तेवढा ऐकू येतो. त्या दृश्यात ऊन आणि वारा यांच्या जोडीचे सगळे मर्म आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर सर्वांत जोराने वाहतात ते जून ते सप्टेंबर, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ढगांनी सूर्य झाकलेला असतो. हिवाळ्यात वारा निजतो, तेव्हा आकाश निरभ्र असते. एकाचा सुगीचा काळ तो दुसऱ्याचा दुष्काळाचा. धुळे जिल्ह्याच्या एकट्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलची पवनयंत्रे आहेत आणि २०१३ मध्ये उभारलेला शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्पही आहे. दोन्ही निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या हेतूंनी झाले. निसर्गाने त्यांचा सोयरसंबंध आधीच ठरवून ठेवला होता.

आता दिल्लीच्या लूकडे पाहू. ती वाहते वैशाख-ज्येष्ठात, आणि तीही दुपारी, म्हणजे ज्या घटकेस सूर्य स्वतःच शिगेस पोहोचलेला असतो त्या घटकेस. सूर्य मावळला की तीही मंदावते. सूर्याची उणीव भरून काढण्याच्या दृष्टीने तिचा काडीचाही उपयोग नाही. शिवाय वर्षाचे उरलेले महिने दिल्लीचा वारा इतका सुस्त असतो की कार्तिकात पेंढ्याचा धूर शहरावर आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसतो. ज्या शहरात ऊन-वाऱ्याच्या जोडीचा विचार मांडला गेला त्या शहरास ही जोडी परगावाहूनच आणावी लागणार, असा हा योग.

परगावाहून आणणे म्हणजे काय, हे समजण्यास वीजजाळ्याचा एक नियम ध्यानी घ्यावा लागतो. वीज कोठारात पडून राहत नाही; ज्या क्षणी जेवढी खर्च होते त्या क्षणी तेवढीच निर्माण व्हावी लागते. दोहोंत तफावत पडली की सेकंदाला ५० आवर्तने हा जाळ्याचा ठोका बिघडतो. खर्च माणसांच्या हाती, उत्पादन यंत्रांच्या हाती. त्यात ऊन व वारा ही दोन बेभरवशाची माणसे नोकरीस ठेवावयाची. तेव्हा हा प्रश्न यंत्राइतकाच जमाखर्चाचा आहे, आणि येथे आमच्यासारख्या दप्तरी माणसास अगदी घरी आल्यासारखे वाटते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले आहेत. प्रत्येक भागात कोणते केंद्र किती वीज देणार व कोणते राज्य किती घेणार, याचे वेळापत्रक आदल्या दिवशी तयार होते. पवन व सौर प्रकल्पांसही आपला अंदाज लिहून द्यावा लागतो. आणि दिलेला शब्द न पाळणाऱ्यास भुर्दंड बसतो. ही हिशेबपद्धती २००२ साली प्रथम जुलैमध्ये पश्चिम विभागात, म्हणजे आपल्या महाराष्ट्राकडे, लागू झाली व डिसेंबरात उत्तरेकडे आली. देशाचे हे खातेपुस्तक कटवारिया सराय येथील राष्ट्रीय भारप्रेषण केंद्रात २००९ पासून लिहिले जाते. दिल्लीपुरते कीर्द-खतावणीचे काम मिंटो रोडवर चालते, जेथील पूल पहिल्या पावसात पाण्याखाली जातो म्हणून आपण सारे त्याला ओळखतो.

हे पुस्तक चुकले तर काय होते ते ३० व ३१ जुलै २०१२ रोजी दिल्लीने अनुभवले. पहिल्या दिवशी पहाटे अडीचच्या सुमारास ग्वाल्हेरकडील एका वाहिनीपासून निमित्त होऊन सारा उत्तर विभाग अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य असे तिन्ही विभाग. मेट्रो बोगद्यांत उभी राहिली. त्यानंतर दीड वर्षाने, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर ते सोलापूर या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशास जोडले गेले आणि एकच देशव्यापी जाळे झाले. तामिळनाडूतील वाऱ्याची वीज दिल्लीच्या हिशेबात येण्याची वाट अशी सोलापूरवरून मोकळी झाली.

मे २०१८ मध्ये केंद्र सरकारने पवन-सौर संमिश्र प्रकल्पांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात एक मजेदार अट आहे: दोहोंपैकी एकाची क्षमता दुसऱ्याच्या निदान चतुर्थांश असावी. नावाला चार पाती फिरवून ‘संमिश्र’ म्हणवून घेणाऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी ती घातली असावी. दप्तरातला अनुभवी हात तेथे दिसतो. धोरणामागील मुख्य युक्ती वाहिनीच्या काटकसरीची आहे. केवळ सौर प्रकल्पासाठी उभारलेली वाहिनी वर्षभराच्या हिशेबाने सुमारे चतुर्थांशच भरते. रात्रभर तर ती रिकामीच. तिच्यावर सायंकाळी व पावसाळ्यात वाऱ्याची वीज सोडली तर त्याच खांबांवर, त्याच तारांवर जवळजवळ दुप्पट माल जातो. मे २०२२ मध्ये जैसलमेर येथे ३९० मेगावॉटचा संमिश्र प्रकल्प चालू झाला. अशा तऱ्हेचा देशातील तो पहिला मोठा प्रकल्प होय. थरच्या तापलेल्या भूमीवरील कमी दाबाच्या पट्ट्याकडे नैर्ऋत्येहून वारे ओढले जातात, ते याच सुमारास.

या व्यवहारात काय पणास लागले आहे हेही सांगितले पाहिजे. २०२५ मध्ये राजस्थानात भर दुपारी तयार असलेली सौर वीज वाहून नेण्यास वाहिन्या पुरेनात, म्हणून चालू प्रकल्पांस उत्पादन आवरते घ्यावे लागले. पिकलेले धान्य गाडी मिळत नाही म्हणून शेतात सोडण्यापैकीच हे. बरे, वाहिन्या वाढवाव्यात, तर त्याच वाळवंटात माळढोक राहतो. सोलापूरजवळ नान्नजच्या अभयारण्यात तो पूर्वी हमखास दिसे. आता तेथे त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे, आणि साऱ्या देशात दीडशेच्या आत पक्षी उरल्याचे सांगतात. जड शरीर, समोरचे नीट न दिसणारे डोळे. उडताना तो तारांवर आदळतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तेथील तारा जमिनीखालून नेण्याचा सरसकट आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सरसकटपणा काढून तज्ज्ञांची समिती नेमली. दिल्लीच्या खोलीतला वातानुकूलक आणि जैसलमेरचा माळढोक यांचा असा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो नजरेआड करून स्वच्छ विजेचे गोडवे गाणे आम्हांस जमत नाही. १९५४ च्या परिसंवादातील वाळवंट हे वीज मिळावयाचे ठिकाण होते. आज ते वीज द्यावयाचे ठिकाण झाले आहे.

दिल्लीने स्वतःची कोळशाची केंद्रे एकामागून एक बंद केली: २०१० च्या सुमारास इंद्रप्रस्थ, २०१५ मध्ये राजघाट, ऑक्टोबर २०१८ मध्ये बदरपूर. हवेसाठी ते योग्यच झाले. धूर दादरी-झज्जरकडे गेला, वीज तेथूनच येत राहिली. १९ जून २०२४ रोजी दुपारी दिल्लीची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली. एप्रिल २०१९ पासून दिल्ली मेट्रो रेवा येथील ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पातील शेकडा २४ भाग वीज घेते. म्हणजे दुपारच्या गाडीने ऑफिसातून लवकर सुटणारा भाग्यवान विंध्यापलीकडील उन्हावर प्रवास करतो आणि सहा-सातच्या गर्दीत चेंगरणारे आपण बहुतांशी कोळशावर. ही संध्याकाळची खिंड ओलांडण्यासाठीच वाऱ्याची जोड हवी, आणि दिल्लीच्या वितरण कंपन्यांनीही पवन-सौर संमिश्र विजेचे करार केले आहेत.

हे झाले मोठ्या जाळ्याचे. परंतु खरी कुचंबणा गल्लीतल्या जाळ्यात होते. आपल्या वसाहतीतील ट्रान्सफॉर्मर, ज्याला आपल्याकडे कागदोपत्री रोहित्र व गावात डी. पी. म्हणतात, तो एकाच दिशेने वीज वाटण्यासाठी घडविलेला आहे. पाण्याच्या टाकीतून नळांत जावे तशी. छपरांवर सौरपत्रे आले की सुटीच्या दिवशी, थंडीतल्या दुपारी, नळांतून टाकीत पाणी उलटे चढू लागते. घरे वीज घेईनाशी होतात, सर्वच देऊ पाहतात. तारेतला दाब वाढतो आणि पत्र्यांची यंत्रे आपोआप बंद पडतात. म्हणून एका ट्रान्सफॉर्मरवर किती पत्रे जोडू द्यावेत हा नियमाचा विषय झाला. दिल्लीत घेतल्या-दिल्याची वजावट करणारे नियम २०१४ मध्ये आले, फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर एक कोटी घरांच्या छपरांसाठी केंद्राची योजना जाहीर झाली. पुढे या गल्लीतल्या तारांवरचा भार वाढणार आहे.

या छपरांच्या प्रकरणात बदलीवर आलेल्या नोकरदाराची स्थिती मोठी विचित्र आहे. रामकृष्णपुरम् किंवा सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्याचे वरचे छप्पर त्याचे नसते. ते खात्याचे असते, आणि तीन वर्षांनी तो कोठे असेल हे त्यालाही ठाऊक नसते. सौरपत्र्याचे आयुष्य पंचवीस वर्षे, बदलीचे तीन! दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ मध्ये एक तोड काढली: एका ठिकाणच्या सौर विजेचे श्रेय दुसऱ्या ठिकाणच्या मीटरांवर वाटून देता येईल. म्हणजे वसाहतीच्या समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या छपरावरील पत्र्यांत दहा-वीस क्वार्टरांचे भाग असावेत, कुटुंब गेले की तो भाग पुढील कुटुंबाच्या नावे चढावा. क्वार्टरचा ताबा देताना नळ, खिडक्या व पंखे मोजून घेतात, त्याच यादीत हा एक रकाना घालावयाचा आहे. रहिवासी संघांच्या बैठकांत पार्किंगवरच रात्री अकरा वाजतात, म्हणून येथे मुद्दाम लिहितो.

साठवणीचा जो प्रश्न आस्कोव्हच्या मास्तरांपुढे होता तो आता दिल्लीच्या वस्त्यांत येऊन बसला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रोहिणी येथे १० मेगावॉटची विद्युत्घटमाला जाळ्यास जोडली गेली. जाळ्याच्या प्रमाणावरील देशातील ती पहिली. २०२५ मध्ये दक्षिण दिल्लीत किलोकरी येथे २० मेगावॉटची दुसरी उभी राहिली. हे किलोकरी म्हणजे इतिहासातील किलोखरी. येथेच कैकुबादाचा महाल होता आणि १२९० मध्ये जलालुद्दीन खिलजी तख्तावर बसला. त्या जागी आता लोखंडी पेट्यांच्या रांगा आहेत. वीज स्वस्त असते तेव्हा त्या भरावयाच्या, आणि मागणी चढली की आसपासच्या वस्त्यांस द्यावयाची. पूर्ण जोराने दिल्यास दोन तास पुरते. २० मेगावॉट म्हणजे जून २०२४ मधील त्या दुपारच्या मागणीचा सुमारे चारशे तेहेतिसावा हिस्सा. उरलेल्या हिश्श्यांसाठी तूर्त दादरीचा कोळसा, भाक्र्याचे पाणी आणि, आषाढ असेल तर, पश्चिमेकडचा वारा.